अडुळशाला पाणी

माझ्या लेकाचं, भाऊसाहेबाचं, जावळ काढलं त्या सालची ही गोष्ट. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, म्हणून सालं मी अशीच धरून ठेवते. मोठ्या दुष्काळात थोरली मुलगी झाली, दुष्काळ हटल्यावर दोन वर्षांनी भाऊसाहेब झाला, आणि तो पाऊल टाकायला लागला त्या चैत्रात त्याचं जावळ. मागाहून मोजलं तेव्हा शहात्तर साल निघालं.

अंगणात पाट मांडला होता. माझा भाऊ लेकाला मांडीवर घेऊन बसला होता. जावळाचे केस भुईवर पडू द्यायचे नसतात, ते फडक्यात झेलायचा मान आत्याचा. नणंद सासरी आजारी होती, ती आली नव्हती. तेव्हा माझी धाकटी जाऊ मथुरा फडकं घेऊन पुढं झाली.

"मी धरते की," ती म्हणाली.

सासूला आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ओढून नाही, ताटावरची माशी उडवावी तसं, सहज.

"तू नको. तू पाणी तापव."

"तापलंय, आत्याबाई."

"मग आणखी तापव."

शेजारची गयाबाई तोंडाला पदर लावून हसली. मथुरा हसली नाही, रडलीही नाही. चुलीपाशी गेली आणि उकळत्या पाण्याखाली आणखी एक लाकूड सारलं.

तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. दोन्ही वेळा आत्याबाईंनी आधीच गावभर सांगितलं होतं, खोबरं-साखर वाटली होती. त्यामुळे नंतर त्यांना गावात तोंड दाखवायला लाज वाटायची, आणि ती लाज त्या मथुरेवर काढायच्या.

त्याच संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्या माझ्या दिराला, रंभाजीला, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत वाट बघते मी. न्हाई काही झालं, तर मार्गशीर्षात दुसरी करायची. मग मला बोल लावायचा न्हाई."

रंभाजी उठून बैलांना वैरण टाकायला गेला. मथुरा विड्या वळत होती. तिच्या हाताची गती जराही कमी झाली नाही.

आमच्या गावात तेव्हा घरोघर विड्या. पुरुष खाणीवर जायचे, बायका ओट्यावर मांडीत सूप घेऊन बसायच्या. सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसरीकडं तंबाखूची भुकटी. दिवसभर ती भुकटी नाकातोंडात जायची. त्यामुळे खोकला म्हणजे आमच्याकडं आजार नव्हता, धंद्याचाच भाग होता. गवंड्याच्या हाताला चुना, तसा आमच्या छातीत खोकला.

आणि म्हणूनच आमच्या घराभोवती अडुळसा होता. आत्याबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी माहेराहून फांद्यांची मोळी आणली आणि पावसाच्या आधी अंगणाच्या कडेनं खोचली. अडुळशाला लाड लागत नाहीत. हातभर फांदी तिरपी तोडावी, दोन डोळे मातीत आणि दोन वर ठेवावे, बस्स. शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, इतका तो कडू. दुष्काळात विहिरीचा तळ दिसला, बाभळी वाळल्या, पण हे कुंपण हिरवं राहिलं. थंडीत त्याला पांढऱ्या फुलांचे तुरे यायचे. पोरं फुलं उपटून देठाकडचा मध चोखायची. बाकी सगळं झाड कडू आणि तेवढाच एक थेंब गोड.

खोकल्याची बाई आमच्या दारात आली की पिवळसर झालेली, पिकली पानं तोडायची. देठ आणि मधली शीर काढायची. आलं, ज्येष्ठमध आणि गूळ घालून पाण्याचा चौथा हिस्सा राहीपर्यंत उकळायचं. कपभर सकाळी, कपभर संध्याकाळी. याचे कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. माझं पहिलं बाळंतपण झाल्यावर आत्याबाईंनी हे काम माझ्याकडं दिलं. देताना मला कुंपणाच्या मागं नेऊन म्हणाल्या, "बाई आली की पहिलं विचारायचं, अंगावर कधी आलं होतं. आलं नसंल, दिवस वर गेले असतील, तर द्यायचा न्हाई. पोट सांडतं त्यानं. आणि का विचारतेस ते सांगायचं न्हाई."

"का बरं?"

"सांगितलंस तर उद्या ज्यांना नको असेल त्या कोयता घेऊन कुंपणापाशी येतील. गावात काय कमी आहेत का तसल्या? ते पाप मग आपल्या दारात."

मला ते पटलं. आजही ते अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही.

आषाढात पाऊस लागून राहिला तसा मथुरेला खोकला धरला. त्याआधी ती चार दिवस बाहेर बसली होती. आमच्यात तेव्हा पाळी आलेल्या बाईनं घरात शिवायचं नाही, शेळ्यांच्या पडवीत घोंगडं टाकून बसायचं. मीच तिला लांबून भाकरी सरकवायचे. आत्याबाईंनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "हाही महिना गेला."

पाचव्या दिवशी न्हाऊन ती घरात आली, आणि त्या रात्रीपासून खोकला. छातीतून असा यायचा की सूप मांडीवरून सरकायचं.

सकाळी मी पानं निवडत बसले. सवयीनं विचारलं, "मथुरे, अंगावर..."

"जाऊबाई, तुम्हीच चार दिवस काठीनं ढकलल्यागत भाकर सरकवली, आणि मलाच विचारता व्हय?"

मी हसले. तीही हसली. काढा दिला.

दोन दिवसांत खोकला निम्म्यावर आला. तिसऱ्या दिवशी पुढच्या अंगाची पिकली पानं संपली, म्हणून मी कुंपणाच्या मागं गेले. तिथं फांद्यांच्या आत, वाटेवरून दिसू नये अशी, आमची बायकांची कापडं वाळत असायची. कुठल्या सुनेचं कापड किती दिवस लागलंय ते आत्याबाई रोज जाऊन पाहून यायच्या. मथुरेची दोन कापडं तिथंच राहिली होती. धुऊनही डाग राहिले होते, त्यात काही नवल नव्हतं. पण मी पान तोडायला हात घातला आणि कापड मनगटाला घासलं. मनगटावर लाल भुकटी लागली.

रक्ताचा डाग दोन दिवसांत काळपट पडतो, हे कुठल्या बाईला सांगायला लागत नाही. हा लालच्या लाल होता. मी बोटावर घेऊन वास घेतला. मातीचा वास. तुळशीच्या ओट्याला लावायला आणलेला गेरू होता तो.

मी तिथंच खाली बसले. तिनं पोट लपवलं होतं. तिसरा महिना सरत आला असेल. दोनदा सांगून गेलं, म्हणून या वेळी कुणालाच सांगायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि आत्याबाई कापडं बघतात म्हणून गेरूनं कापड रंगवून, चार दिवस शेळ्यांत बसून, तिनं ते तडीस नेलं होतं. आणि मी तिला दोन दिवस, चार कप, माझ्या हातानं अडुळसा पाजला होता.

आता सांगायचं तर काय सांगायचं? तुझं गुपित मला कळलं म्हणावं, तर तिच्या मनात येणार की उच्चारलं, आता दृष्ट लागली. काढा का बंद करते ते सांगावं, तर आत्याबाईंना दिलेला शब्द जातो. आणि चार कप पाजलेत हे तिला कळलं की ती धास्तीनंच खचेल. मला वाटलं, गुपचूप थांबवावं. चार कपांनी काय होतंय. थांबवलं की झालं.

ती कप घेऊन आलीच. "आज उशीर झाला?"

"आज नाही. बास झाला आता. तीनच दिवस घ्यायचा असतो."

"दोनच तर झाले."

"मग दोन."

"पर लई बरं वाटाया लागलंय, जाऊबाई. रातच्याला झोप लागली. आणखी दोन दिवस द्या की. गयाबाईला तर तुम्ही आठ दिवस दिला."

"गयाबाईची गोष्ट वेगळी. नाही म्हणजे नाही, मथुरे. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर."

तिनं कप पालथा घातला. "चार पानं जड झाली व्हय तुम्हाला? व्हय की. कुंपण थोरलीचं, लेकरं थोरलीची."

हे ती पहिल्यांदाच बोलली होती. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, बोल बाई, पोर झाल्यावर मीच तुला सांगेन आणि दोघी हसू.

दोन दिवसांनी नागपंचमीला मला भाऊ न्यायला आला. मथुरेला त्या साली माहेरी धाडलं नाही. "कुठं मिरवायला जायचंय?" आत्याबाई म्हणाल्या. मी लेकरं घेऊन आठ दिवस माहेरी राहिले, झोके खेळले, पुरणाची दिंडं खाल्ली.

परत आले तेव्हा गाडी मागच्या वाटेनं आली. कुंपणाच्या कोपऱ्यात दोन झाडं खराट्यासारखी झाली होती. पिकलं, कोवळं, सगळं ओरबाडलं होतं. शेळ्या खात नाहीत. मी भावाला म्हटलं, "थांब जरा." त्याला वाटलं, लेकराला उलटी होते की काय.

घरात आले तेव्हा मथुरा भिंतीकडं तोंड करून निजली होती. आत्याबाई दारातच म्हणाल्या, "दिवस होते म्हणं! आणि मला ठाऊक न्हाई! काल झालं सगळं. रंभाजीनं बैलगाडीतून तालुक्याला नेली, दवाखान्यातून आत्ता आणली."

दवाखान्यातल्या डॉक्टरनं रंभाजीला सांगितलं होतं की आधी दोनदा असंच झालंय, हिचं मुळातच नाजूक असेल, कारण नक्की सांगता येत नाही. ते बरोबरही असेल. माझ्या चार कपांनी झालं, तिनं वाटीवाटीनं प्यायलेल्या काढ्यानं झालं, की आधीच्या दोनसारखं आपोआप झालं, हे मला आजही ठाऊक नाही.

रात्री मी तिच्या पायाशी बसले. ती कुजबुजली, "जाऊबाई, माझ्या हातनं पाप झालं."

"काय झालं?"

"तुम्ही न्हाई म्हणालात, तरी मी पानं घेतली. खोकून खोकून पोटात गोळे यायचे. मला वाटलं, खोकल्यानंच पोर निसटंल. म्हणून दिवे लागल्यावर जायची, न विचारता मुठी भरून आणायची. रानातल्या चुलीवर उकळायची. पाच दिवस." ती माझ्याकडं वळली. "दिवे लागल्यावर झाडाला हात लावू नये म्हणतात ना. ते निजलेलं असतं. झाड कोपलं माझ्यावर."

आतल्या खोलीत आत्याबाई जाग्या होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. माझ्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर पहिला प्रश्न हाच की मला ठाऊक होतं तर मी बोलले का नाही. तो रंभाजी विचारणार, माझे मालक विचारणार, उद्या गाव विचारणार. मी म्हणाले, "झाडं कोपत नाहीत, मथुरे. झोप तू."

"मग तुम्ही का थांबवला होता?"

"पानं जून झाली होती," मी म्हणाले.

अंगात ताकद आल्यावर तिनं एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी विहिरीहून घरचं पाणी भरून झालं की एक जादा घागर आणायची आणि कुंपणाच्या त्या कोपऱ्यात ओतायची. विहीर गावाच्या पार खाली, चढ असा की भरल्या घागरीनं मान मोडायची. पावसातही आणायची, थंडीतही. गयाबाई म्हणायची, "अडुळशाला पाणी घालणारी पहिलीच बघितली बाई! उद्या निवडुंगाला दूध पाज." आत्याबाई म्हणायच्या, "घालू द्या. तेवढंच चांगलं काम."

घागर ओतून झाली की ती त्या झाडाला हात जोडायची. मी ओट्यावरून बघत असायचे. रोज.

दिवाळी झाली. मार्गशीर्षात रंभाजीचं दुसरं लग्न झालं. मथुरेनंच मुलगी सुचवली. "परकी आणण्यापरीस माझ्या चुलत्याची वच्छला आणा," ती म्हणाली. "माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय, मला दूर लोटायची न्हाई." हळदीला तिनंच वच्छलेच्या गालाला हळद लावली. गावानं तिचं कौतुक केलं. मी त्या दिवशी जेवले नाही, म्हटलं पोट बिघडलंय.

वच्छला अठरा-एकोणीसची, बडबडी, भित्री. विड्या वळायला मथुरेनंच तिला शिकवलं. दोघी एका सुपावर बसायच्या. एक तंबाखू भरायची, दुसरी दोरा बांधायची. पुढच्या दिवाळीनंतर थंडी पडली आणि वच्छलेला खोकला झाला.

दुपारची वेळ होती. आत्याबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. गयाबाई तिच्या घरचं सूप घेऊन आमच्याच ओट्यावर आली होती. मथुरा वच्छलेला हाताला धरून घेऊन आली. "जाऊबाई, हिला काढा करून द्या. रात्रभर खोकतीय पोर. आणि हिला थांबवू नका बरं का मधेच. मी ताजं पाणी घातलंय, पानं जून न्हाईत."

मी विचारलं, "वच्छले, अंगावर कधी आलं होतं?"

वच्छला मथुरेकडं बघायला लागली. मथुराच बोलली, "गेल्याच आठवड्यात की! चार दिवस पडवीत बसली न्हवती का? जाऊबाई, तुमची याद गेली बघा."

"बसली होती," आत्याबाई म्हणाल्या. "मी बघितलंय कापड."

मी मथुरेच्या हाताकडं बघितलं. विडी वळणारणीची नखं तंबाखूनं पिवळी असतात. तिच्या नखांच्या कडेला, खोल, लाल होतं.

तीच युक्ती होती. बहिणीसाठी. स्वतःचं वाचलं नाही, ते हिचं तरी वाचावं म्हणून ती कापडं रंगवत होती. आणि आता तिच्या हातानं ती हिला माझ्यापुढं घेऊन आली होती. मी नाही म्हटलं तरी काय होणार ते मी एकदा बघितलं होतं. त्या दोघींनी रानातल्या चुलीवर उकळलंच असतं.

मी पानांची पाटी बाजूला सारली.

"हिला देत नाही," मी म्हणाले. "हिला दिवस आहेत. पोटुशी बाईनं अडुळसा घ्यायचा नसतो. पोट सांडतं त्यानं."

गयाबाईचा दोरा सुटला. आत्याबाई ताठ बसल्या, माझ्यावर डाफरल्या. "ठके! जीभ आवर."

"नाही आवरत, आत्याबाई. तुम्ही मला सांगितलंत तसं मी सगळ्यांना सांगणार. गयाबाई, तूही ऐक. सुनेला, लेकीला, सगळ्यांना सांग."

"कुंपणापाशी आणखी कोण कोण येतंय ते बघ आता!" आत्याबाई ओरडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे वच्छलेला... खरंच? किती महिने?"

वच्छला रडायला लागली. "आक्का म्हणाली, सांगायचं न्हाई म्हणून."

आक्का म्हणजे मथुरा. तिनं वच्छलेचा हात सोडला, माझ्यासमोर येऊन बसली आणि अगदी हळू विचारलं, "तुम्हाला हे आधीपासून ठाऊक व्हतं?"

"होतं."

"माझ्या वक्ताला?"

"होतं. पण तुला दिवस आहेत हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं. कापडावरचा गेरू माझ्या हाताला लागला."

"म्हणून थांबवलात."

"हो."

"पानं जून झाली व्हती म्हणालात."

मी पाटी आणखी मागं सारली.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी खोकून मेले असते पर त्या झाडाकडं बघितलं नसतं." तिचा आवाज अजून हळूच होता. "बरं, तवा न्हाई सांगितलं. पर मागनं? दीड वरीस झालं, जाऊबाई. दीड वरीस मी त्या झाडाला पाणी घालतीय. रोज माफी मागतीय. तुम्ही हितं बसून बघत व्हतात."

"बघत होते."

"चांगलं बघितलंत," ती म्हणाली आणि उठली. वच्छलेला घरात नेऊन निजवलं, मिठाचं पाणी करून दिलं. दुसऱ्या दिवसापासून जादा घागर बंद झाली. अडुळशाला त्यानं काहीच फरक पडला नाही.

वच्छलेला वैशाखात मुलगी झाली. आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण खोबरं-साखर वाटली. मथुरेनं तिचं नाव सुमन ठेवलं. ती दोघींनाही आई म्हणायची. एकीला घरातली आई, एकीला ओट्यावरची आई.

मथुरा माझ्याशी बोलायची थांबली असं नाही. एका घरात राहून ते जमतही नाही. मीठ मागायची, माझी लेकरं सांभाळायची. पण विहिरीवर कुणी बाई खोकली की ही मोठ्यानं म्हणायची, "अडुळसा घेणार असशील तर आधी पोटाकडं बघ गं. आमच्या जाऊबाईंना सगळं ठाऊक असतं, पर त्या कधी कधी सांगत न्हाईत." बायका हसायच्या. मीही घागर भरत ऐकायचे. अशी तीसेक वर्षं ऐकलं. गावात त्यामुळे कुणी चुकून अडुळसा घेतला नाही, हेही खरं.

आत्याबाईंचं म्हणणंही खोटं ठरलं नाही. दोन वर्षांनी एका सकाळी कुंपणाची एक बाजू ओरबाडलेली सापडली. कोण आली होती ते आम्ही विचारलं नाही. आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे तुझ्या खात्यात." मी म्हटलं, "बरं."

सुमनच्या लग्नात, सगळी वऱ्हाडी मंडळी गेल्यावर, मथुरा आणि मी मांडवात पत्रावळी गोळा करत होतो. ती खुशीत होती. तेवढ्यात मी म्हणाले, "मथुरे, त्या वेळचं... मला माफ कर."

ती पत्रावळी एकात एक बसवत राहिली. मग म्हणाली, "न्हाई, जाऊबाई."

"एवढी वर्षं झाली."

"राग न्हाई आता. राग कवाच गेला. पर माफी दिली की तुम्ही मोकळ्या व्हाल. त्या लेकराची आठवण कोण काढतं? त्याच्या बापाला ध्यानात न्हाई, आत्याबाई गेल्या. काढतो त्या आपण दोघीच. तुम्ही मोकळ्या झालात की मी एकटीच राहीन त्याच्यापाशी. त्यापरीस असू द्या."

मी पुन्हा कधी माफी मागितली नाही. श्रावणात पंचमीच्या आसपास एखाद्या दुपारी ती माझ्या शेजारी येऊन बसायची. आम्ही त्याबद्दल बोलायचो नाही. ती म्हणायची, "आज एवढं झालं असतं." मी म्हणायचे, "हो, तिशी गाठली असती." एवढंच. मुलगा होता की मुलगी, ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आत्याबाई सत्त्याऐंशी साली गेल्या. रंभाजी दोन हजार दोन साली खाणीवर दगडाखाली गेला. मथुरा दोन हजार आठच्या पौषात गेली, सकाळी, तालुक्याच्या दवाखान्यात, छातीच्या आजारानं. सुमन आणि मी जवळ होतो. तेव्हापासून श्रावणातलं वय मी एकटीच मोजते.